स्कूटरवाल्यांनी समोरच्या रायडरला हात करायचा का?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: १२५ सीसीची गिअरलेस स्कूटर, मागे दहा वर्षांची मुलगी, पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर. वाटेत समोरून येणारे बुलेटवाले एकमेकांना हात करत होते, स्कूटरकडे कुणी बघितलंही नाही. एकदा ताईंनी स्वतःहून हात केला, तर समोरचा तसाच निघून गेला. मग स्कूटरवाल्यांनी हात करायचा असतो का, करायचा तर कोणता, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर ते मनाला लावून घ्यायचं का?

मी पुण्यातून शनिवार-रविवारच्या राइड्स नेते. कधी लीडला असते, कधी सगळ्यांच्या मागे स्वीपला. नव्या लोकांचा हा प्रश्न पहिल्या चहाच्या टपरीवरच येतो. आधी उत्तर सांगते. ओळख जरूर द्यायची, स्कूटरवरूनही द्यायची, पण हाताने नाही, मानेने. हेल्मेट जरासं खाली झुकवलं की झालं.

आता कारणं. हात करायची जी पद्धत आपण व्हिडिओत बघतो, ती अमेरिकेतली आणि युरोपातली आहे. डावा हात हँडलवरून खाली सोडायचा आणि दोन बोटं रस्त्याकडे दाखवायची. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरचा रायडर आपल्या डाव्या अंगाने जातो. मोटरसायकल कुठल्याही देशातली असो, ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात, क्लच डाव्या. म्हणजे त्यांचा जो हात मोकळा, त्याच बाजूने समोरचा माणूस येतो. त्यामुळे तिथे ही पद्धत सहज रुजली. हार्ले-डेव्हिडसन ही मोटरसायकल कंपनी काढणारे हार्ले आणि डेव्हिडसन १९०४ साली रस्त्यात एकमेकांसमोर आले, त्यांनी हात केला आणि तिथून ही प्रथा पडली, अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथा म्हणूनच ऐकायची. कंपनी आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये सुरू झालेली, तेव्हा रस्त्यावर समोरासमोर यायला मोटरसायकली असणार तरी किती?

आपल्याकडे सगळं उलटं. आपण डावीकडून चालतो, समोरचा उजव्या अंगाने येतो, आणि उजवा हात तर ॲक्सिलरेटरवर अडकलेला. डावा हात खाली सोडला तर तो आपल्याच टाकीमागे किंवा गुडघ्यामागे लपतो. समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि आपण मात्र ‘मी केला, त्याने नाही केला’ म्हणून हिरमुसतो. इंग्लंडमध्येही वाहतूक डावीकडून, म्हणून तिथले रायडर मान हलवतात. जपानही डावीकडूनच चालतो. होक्काइडोत उन्हाळ्यात भटकणारे रायडर डावा हात डोक्याइतका उंच करतात, कारण त्याखाली तो दिसणारच नाही. फ्रान्सची तऱ्हा तर मला फारच आवडते. एखाद्या गाडीने बाजूला होऊन वाट दिली की मोटरसायकलवाला उजवा पाय बाहेर काढून धन्यवाद देतो. हात हँडलवर आणि आभारही पोचले. आपल्याकडे मात्र पाय बाहेर काढला तर मागचा समजेल की ह्याची चप्पल निसटली.

स्कूटरवर तर डावा हात सोडणं आणखी वाईट. मोटरसायकलवर डाव्या हातात नुसता क्लच असतो, टॉप गिअरला सरळ रस्त्यावर तो हात घटकाभर रिकामाच असतो. गिअरलेस स्कूटरला डाव्या हातात ब्रेक आहे. शिवाय एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) लागतं, नाहीतर कॉम्बी ब्रेक, आणि बहुतेक स्कूटरला कॉम्बीच असतो. म्हणजे डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. तुम्ही रोज ज्याच्यावर भरवसा ठेवता तोच हा लिव्हर, आणि त्याच्यावरचा हात सोडून तुम्ही अनोळखी माणसाला टाटा करणार. शिवाय स्कूटरचं चाक लहान, दहा-बारा इंची. मोठ्या मोटरसायकलीचं सतरा ते एकोणीस इंची. जो खड्डा बुलेट नुसता ठक् करून ओलांडते, त्यात स्कूटरचं हँडल एका हाताला झटका देऊन फिरतं.

जरा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरचाही साठनेच येत असेल तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतं. शंभर मीटरवर तो तुम्हाला दिसला, तर ओळखायला, ठरवायला, हात उचलायला आणि परत हँडलवर ठेवायला मिळून तीन सेकंद. ताम्हिणीत पावसाळ्यात धुकं उतरलं की तेवढंही नाही. मानेला मात्र अर्धा सेकंद पुरतो आणि दोन्ही हात जागेवर राहतात.

डिप्पर मारू का, म्हणजे हेडलाइट उघड-मीट करू का, हॉर्न वाजवू का, असंही विचारतात. दोन्ही नको. आपल्या रस्त्यांवर अप्पर-डिप्परचा अर्थ आधीच ठरून गेलाय: ‘मी येतोय, तू थांब.’ दुसरा अर्थ, तुझ्या गाडीचं काहीतरी बिघडलंय. तिसरा, पुढे मामा उभे आहेत. नमस्कार म्हणून डिप्पर मारलात तर समोरचा गोंधळून स्वतःचीच गाडी तपासायला लागतो, तेही नेमका वळणावर. रात्री तर तो अप्पर त्याच्या डोळ्यांत जातो. आणि घाटातला हॉर्न वळणासाठी राखून ठेवलेला बरा. रामराम घालायला वापरला की त्याची किंमत जाते. मामांचा विषय निघालाच आहे तर सांगते. हेल्मेटवर थाप मारून ‘पुढे पोलीस आहेत’ सांगणं अनेक ग्रुपमध्ये भाईचारा समजलं जातं. मी ते करत नाही. समोरून येणारा कशासाठी पळतोय, कुणाला उडवून आलाय की काय, मला काय ठाऊक?

कुठे काहीच करायचं नाही तेही सांगून टाकते. वळणावर नाही, ओव्हरटेक करताना नाही, ओल्या किंवा खडी सांडलेल्या रस्त्यावर नाही, ट्रकच्या मागे असताना नाही. शहरात तर अजिबात नाही. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी प्रत्येक दुचाकीला मान हलवायची म्हटली तर मणक्याच्या डॉक्टरकडेच जावं लागेल. गावं मागे पडली, रस्ता मोकळा झाला, समोरून एकटीदुकटी गाडी आली की मग. पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीचं पाणी दिसायला लागलं की साधारण ही हद्द सुरू होते असं समजा. ती निजामपूर-माणगावकडे रहदारी वाढेपर्यंत.

आता बुलेटवाल्यांनी बघितलं नाही त्याबद्दल. निम्म्या वेळा त्याला तुम्ही दिसलेलाच नसता. त्याची नजर खड्ड्यावर असते, हेल्मेटच्या काचेवर ऊन असतं, किंवा तो नवशिका असतो आणि हँडल गच्च धरून बसलेला असतो. उरलेल्या निम्म्यांत मात्र जातपात आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. बुलेटवाला बुलेटला हात करतो, केटीएमवाला केटीएमला. जावा-येझदीवाले तर गाडी दिसायच्या आधी आवाजावरून एकमेकांना ओळखतात. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्या सांभाळणारे लोक दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपला दिवस साजरा करतात. मला ह्याचं फार वाईट वाटत नाही. एसटीचे चालक बघा. समोरून एसटी आली की स्टिअरिंगवरचा हात हमखास वर होतो. ट्रॅव्हल्सच्या बसला होत नाही, म्हणून ट्रॅव्हल्सवाला काही रुसत नाही. ते एकाच घरचे, एकमेकांचं हालहवाल विचारतायत. तसंच हे. चीड येते ती फक्त एका गोष्टीची: चहाला थांबल्यावर स्कूटरवर आलेल्या माणसाला ‘ह्याच्यावर आलात? एवढ्या लांब?’ असं विचारणाऱ्यांची. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे. समोरच्याने मान हलवली तर आपणही हलवायची, मग तो सहा लाखांच्या गाडीवर असो की कॅन लटकवलेल्या एम-८०वरचा दूधवाला. दूधवाला बहुतेक वेळा हनुवटी उडवून ‘काय?’ एवढंच विचारतो. तेही चालतं.

खरं सांगायचं तर स्कूटरवाल्यांना बुलेटवाल्यांकडून हा धडा घ्यायची गरजच नाही. हायवेवरचं हात करणं आपल्याकडे अलीकडचं, लडाखच्या सहली आणि व्हिडिओ वाढल्यावरचं. शहरातल्या दुचाकीवाल्यांची आपसातली माया त्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती वेगळ्या भाषेत बोलते. ‘काका, स्टँड!’ ‘ताई, ओढणी!’ तुम्ही पुण्यात गाडी चालवता, तर हे तुमच्यावर ओरडून झालेलं असणार आणि तुम्हीही दुसऱ्यावर ओरडला असणार. समोरून येणारा अनोळखी माणूस बोट खाली करून दाखवतो, आपण डाव्या पायाने स्टँड चाचपतो, तोवर तो निघून गेलेला असतो. त्याचं तोंड दिसत नाही, आभार मानायची सोय नाही. डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेली मुलगी सिग्नलला शेजारच्या बाईची ओढणी चाकापासून उचलून तिच्या मांडीवर ठेवते आणि हिरवा लागताच निघून जाते. दोघींनी एकमेकींचा चेहरा पाहिलेला नसतो.

ह्यातली एक खूण तर आमच्या डोळ्यांसमोर कालबाह्य झाली. दिवसा कुणाचा दिवा चालू राहिला की हाताची मूठ उघड-मीट करून दाखवायची. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागला, तो बंद करायचं बटणच गेलं. पुढची काही वर्षं नवी गाडी घेतलेल्याची पंचाईत व्हायची. रस्त्यातला जो तो मूठ उघडतोय आणि मिटतोय, आणि हा बिचारा प्रत्येकाला ‘माहितीय, माहितीय’ म्हणून मान डोलावतोय. लोकांना सवय व्हायला वेळ लागला, पण त्या वेळातही एकानेही ‘जळू दे त्याची बॅटरी’ म्हटलं नाही. आता साइड स्टँडचीही तीच गत होणार असं दिसतंय, कारण बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. ओढणी मात्र राहील.

गिअरच्या स्कूटरच्या काळात तर ह्याला बळच होतं. वडिलांची चेतक होती. तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, मूठ फिरवून गिअर टाकायचा, त्यामुळे तो हात सोडून कुणाला ओळख दाखवणं शक्यच नव्हतं. पण गाडी बंद पडली की आजूबाजूचे चारजण जमायचे. एकजण म्हणणार ‘वाकवा’, दुसरा ‘चोक ओढा’, तिसरा तोवर स्कूटर एका अंगावर झुकवून मोकळा, चौथा प्लग काढून शर्टाला पुसतोय. स्टेपनी सगळ्यांकडे असायची आणि दहा इंची चाक बहुतेक बजाजला चालायचं. वडिलांनी खंबाटकीत एका अनोळखी कुटुंबाला आपली स्टेपनी काढून दिली होती, कारण त्यांचीही स्टेपनी पंक्चर निघाली. पत्ता दिला, आठवड्याने तो माणूस चाक घेऊन घरी आला, सोबत कंदी पेढे. आता ट्यूबलेस आलं, स्टेपनी गेली. २०२० पासून चेतक परत रस्त्यावर दिसते, पण ती विजेवरची, आणि वाकवून ती सुरू होणार नाही.

पेट्रोल संपलेल्याला पायाने ढकलत पंपापर्यंत नेणंही ह्यातलंच. ‘पाय लावता का जरा?’ म्हटलं की कुणीतरी लावतोच. प्रेमाने होतं, पण धोक्याचं आहे. पुढच्याने ब्रेक मारला की मागचा आडवा. मला कुणी विचारलं तर मी पंपावरून बाटलीत पेट्रोल आणून देते, पाय लावत नाही. काही पंप बाटलीत देत नाहीत. मग त्या माणसालाच मागे बसवून मेकॅनिककडे सोडायचं.

हायवेवर शिकायची खरी खूण म्हणजे अंगठा. रस्त्याकडेला दुचाकी उभी दिसली की वेग कमी करा आणि अंगठा वर करून विचारा: ठीक ना? त्याने उलट अंगठा दाखवला की पुढे व्हा. त्याने हात हलवला किंवा नुसताच बघत राहिला तर थांबा. लडाखच्या वाटेवर हे न शिकवता अंगात भिनतं, कारण तिथे सोय कमी. मनाली सोडून लेहला निघालं की तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाचा जुना फलक आहे, मध्ये बारालाचा-ला, लाचुंग-ला, तंगलंग-ला ह्या उंच खिंडी. गाटा लूप्सच्या एकवीस वळणांत चेन तुटली तर मागून येणाऱ्या पहिल्या दुचाकीवाल्याशिवाय कुणी नाही. तिथे हात करणारा माणूस बहुधा थांबणाराही असतो. सैन्याचा ताफा आला तर मात्र ओळख द्यायच्या आधी बाजूला व्हा. जवान स्वतः हात करतात, तेव्हा तुम्ही थांबलेल्या असाल आणि दोन्ही हातांनी उत्तर देऊ शकाल. आपल्या घाटांतही चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा नियमच आहे. उतरताना तुम्ही थांबलात आणि वर येणाऱ्याने मान हलवली, तर ती घाटातली सगळ्यात रास्त सलामी.

थांबायचंच झालं तर गाडी वळणात लावू नका. वळण संपल्यावर, सरळ पट्ट्यात, रस्ता सोडून. अपघात असेल तर आधी एकाला मागे पाठवून येणाऱ्या गाड्या हळू करायच्या, मग जखमीकडे जायचं. श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. अँब्युलन्ससाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२. पोलिसांच्या चौकशीत अडकू ह्या भीतीने लोक थांबत नाहीत, त्यांच्यासाठी: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय. मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून खटला भरता येत नाही, आणि त्याच्याकडून जबरदस्तीने नाव-पत्ताही घेता येत नाही.

ताई, आता एक गोष्ट बाई म्हणून, जी ग्रुपमधले पुरुष सांगणार नाहीत, कारण त्यांना ती माहीतच नसते. आपण मान हलवली म्हणजे बोलायचं निमंत्रण दिलं, असं समजणारे महाभाग आहेत. शंभरातला एखादाच, पण गाडी वळवून मागे लागतो. शेजारून चालवत ‘कुठे निघालात?’ विचारतो. अशा वेळी वेग वाढवून पळू नका, स्कूटरवर ती शर्यत आपली नाही. पुढचं पहिलं माणसांचं ठिकाण गाठायचं, पंप, टपरी, एसटीचा थांबा, तिथे गाडी लावून उतरायचं आणि त्याच्या नंबरप्लेटचा उघड उघड फोटो काढायचा. बहुतेकजण इथेच गळतात. नाही गळला तर ११२. म्हणून मी एकटी असताना काच खाली ठेवून मान हलवते आणि नजर रस्त्यावरच ठेवते. आणि एखाद्या दिवशी कुणालाच ओळख द्यावीशी वाटली नाही तर देत नाही. हे काही कर्ज नाही फेडायला.

राहिली तुमची मुलगी. दोन्ही हात कामात नसलेली गाडीवरची ती एकटीच व्यक्ती, तेव्हा हात करायचं खातं तिच्याकडे देऊन टाका. मागे बसलेल्या पोरांनी उजवा हात वर केला की अगदी तुसड्या चेहऱ्याचे, काळ्या जाकिटातले बाप्येसुद्धा उत्तर देतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. तिचं हेल्मेट तिच्याच मापाचं आणि आयएसआय खुणेचं असू द्या, आईचं ढगळं नको. डावा हात कायम तुमच्या कमरेला किंवा ग्रॅब रेलला, म्हणजे सीटमागच्या दांडीला. आणि तुम्ही ‘वळण’ म्हणालात की उजवाही आत.